संगणकाची राखण

कल्याणहून कर्जतकडे निघालेल्या लोकलगाडीने विठ्ठलवाडी मागे टाकली, की एकामागून एक तीन शहरे लागतात: उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर. उल्हासनगर ही व्यापाऱ्यांची गजबजलेली पेठ. अंबरनाथ हे कारखान्यांचे गाव. बदलापूरच्या फलाटावर भल्या पहाटेपासून माणसांची रीघ लागते, कारण तेथील पुष्कळ मंडळी पोटापाण्याच्या उद्योगासाठी ठाण्याला किंवा मुंबईला जातात. तीन शहरांचे स्वभाव असे निरनिराळे आहेत. तरी एक वस्तू तिन्ही ठिकाणी सारखीच आढळते, ती म्हणजे संगणक. कापडाच्या दुकानात तो गल्ल्याशेजारी मांडलेला असतो, कारखान्याच्या कचेरीत हिशेब ठेवतो, आणि घरात अभ्यासाच्या मेजावर बसून मुलांना कधी शिकवितो, कधी अभ्यासापासून दूरही नेतो.

ह्या भागाचा महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाशी जवळचा संबंध आहे. लोक ह्या महामंडळाला एमआयडीसी ह्या आद्याक्षरांनीच ओळखतात. १९६२ साली स्थापन झालेल्या महामंडळाने अंबरनाथ व बदलापूर येथे कारखान्यांसाठी जमिनी आखून दिल्या. बदलापूरजवळचे बारवी धरणही त्याचेच, आणि त्या धरणाचे पाणी आसपासच्या शहरांत नळाने येते. ह्या महामंडळावर २१ मार्च २०२१ रोजी एक विलक्षण संकट ओढवले.

त्या दिवशी रविवार होता. पहाटे अडीचच्या सुमारास महामंडळाच्या संगणकांनी आपण होऊन धोक्याचे इशारे देण्यास सुरुवात केली. कामकाज चालविणारे प्रोग्राम बंद पडले होते. पाहणी केल्यावर असे आढळले, की कोणा हल्लेखोराने आत शिरून माहितीचे साठे कुलूपबंद केले आहेत. माहिती साठविणारे मोठे संगणक तर त्याच्या तावडीत सापडलेच. शिवाय निरनिराळ्या कचेऱ्यांतील मेजांवरचे काही संगणकही सापडले. हल्लेखोराने एक पत्र मागे ठेवले होते. माहिती पूर्ववत करून हवी असल्यास आपल्याशी संपर्क कसा साधावा, हे त्यात लिहिले होते. मुख्य कार्यालयाचे आणि सोळा प्रादेशिक कार्यालयांचे काम खोळंबले.

अशा प्रोग्रामला रॅन्समवेअर म्हणतात. मराठीत त्याला खंडणीखोर प्रोग्राम म्हणावयास हरकत नाही. घरफोड्या चोर वस्तू उचलून पळ काढतो. हा चोर वस्तू जागच्या जागी ठेवतो. परंतु प्रत्येक फाइलीतील मजकुराची गणिताच्या साहाय्याने अशी काही उलथापालथ करतो, की मालकालाही त्यातील एक शब्द वाचता येऊ नये. ही उलथापालथ निस्तरण्याची किल्ली म्हणजे एक फार मोठी संख्या असते, आणि ती चोराजवळ असते. किल्लीसाठी तो पैसे मागतो. पैसे दिले तरी ती मिळेलच, असा भरवसा नसतो.

महामंडळाच्या संगणकांवर व्हायरस शोधणारा प्रोग्राम नव्हता, असे नाही. तो होता. तेव्हा 'आमच्याकडे अँटिव्हायरस आहे' एवढ्यावर निर्धास्त राहणे बरे नव्हे. राखणदार एकच असला आणि तोच फसला, तर चोराला पुढे अडविणारे कोणी उरत नाही.

घरच्या लहानशा संगणकात चोराला काय मिळणार, असे तुम्हांला वाटेल. पण हे प्रोग्राम माणूस पाहून घर निवडीत नाहीत. ते जगभर आपोआप दारे ठोठावीत फिरतात आणि जे दार उघडे सापडेल त्यातून आत शिरतात. शिवाय घरच्या संगणकात काय नसते? आजोबांच्या औषधोपचाराचे कागद असतात, आईचे बँकेचे व्यवहार असतात, ताईचा महाविद्यालयातील प्रकल्प असतो, आणि ज्यांची दुसरी प्रत जगात कोठेही नाही, असे घरातील माणसांचे फोटो असतात.

संगणकाचे रक्षण कसे करावे हे समजण्यासाठी त्याच्या आत कोणाची सत्ता चालते, हे आधी पाहिले पाहिजे. पडदा, कळफलक, स्मृती आणि माहिती साठविणारी डिस्क हे संगणकाचे अवयव होत. ते आपण होऊन काहीच करीत नाहीत. त्यांच्याकडून काम करवून घेणारा एक मोठा प्रोग्राम संगणकात असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज, लिनक्स, मॅकओएस ही अशा प्रोग्रामांची नावे आहेत. जुन्या काळच्या वाड्यात जसा कारभारी असे, तसाच हा संगणकाचा कारभारी. कोठाराच्या किल्ल्या त्याच्या हाती. कोणाला माजघरापर्यंत सोडावयाचे आणि कोणाला ओसरीवरूनच परत पाठवावयाचे, हे तो ठरवितो. प्रोग्राम चित्रे काढण्याचा असो की हिशेबाचा, त्याला जे काही हवे असेल ते त्याने ह्या कारभाऱ्याकडेच मागावे लागते.

हा कारभारी अत्यंत आज्ञाधारक आहे, आणि खरी अडचण तीच आहे. हुकूम देणाऱ्याला तो देण्याचा अधिकार आहे की नाही, एवढेच तो पाहतो. हुकूम शहाणपणाचा आहे की घातकी, हे त्याला कळत नाही. 'ह्या कोठारातील सगळे कागद कोणालाही वाचता येणार नाहीत असे करून टाक' असा हुकूम अधिकार असलेल्या खात्यातून आला, तर तोही तो मुकाट्याने पाळतो. म्हणून कोणाजवळ किती अधिकार द्यावयाचा, हा संगणकाच्या राखणीतील मुख्य प्रश्न होय. संकट येण्यापूर्वीच, शांतपणे बसून, मालकाने तो सोडवून ठेवावयाचा असतो.

अंबरनाथचे प्राचीन शिवमंदिर तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिले असेल. शिलाहार राजांच्या काळातील हे मंदिर इसवी सन १०६० मधील आहे, असे तेथील शिलालेखावरून कळते. वालधुनी नदीच्या काठी असलेल्या ह्या मंदिराच्या सभामंडपात यावयास एकाहून अधिक दारे आहेत. भाविक आत येतात, घटकाभर टेकतात, खांबांवरचे कोरीवकाम न्याहाळतात. गाभारा मात्र जमिनीच्या पातळीहून खोल आहे. त्याचे दार एकच, आणि तेथून पायऱ्या उतरून खाली जावे लागते. संगणकाच्या कारभाराची रचना काहीशी अशीच असते. ऑपरेटिंग सिस्टीमच्या सर्वांत आतल्या भागाला गाभा म्हणतात. गाभा आणि गाभारा हे दोन्ही शब्द 'गर्भ' ह्या एकाच संस्कृत शब्दाच्या कुळातले आहेत, हे लक्षात ठेवले म्हणजे ही रचना सहसा विसरत नाही. आपण वापरतो ते खेळाचे, चित्रांचे, लेखनाचे प्रोग्राम सभामंडपात वावरतात. स्मृतीची वाटणी करणे, डिस्कवर लिहिणे, यंत्राचे भाग चालविणे ही नाजूक कामे गाभ्यात होतात. मंडपातल्या प्रोग्रामाने दाराशी उभे राहून मागणी करावयाची. आत पाऊल टाकावयाचे नाही.

एवढी चांगली रचना असूनही पुष्कळ घरांत ती वाया जाते. त्याचे कारण असे. नवा संगणक प्रथम सुरू केला, की विंडोज एक खाते उघडण्यास सांगते. हे पहिले खाते ॲडमिनिस्ट्रेटरचे, म्हणजे प्रशासकाचे, असते. दारे बदलणे, राखणदाराला रजा देणे, नवे प्रोग्राम बसविणे हे सारे अधिकार त्या खात्याला असतात. बहुतेक कुटुंबांत दुसरे खाते कोणी उघडीतच नाही. वडील त्याच खात्यातून विजेचे बिल भरतात, आणि धाकटा भाऊ त्याच खात्यातून खेळ शोधीत नाही नाही त्या ठिकाणी जाऊन येतो. एखाद्या कारखान्यात शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत प्रत्येकाच्या कमरेला तिजोरीची किल्ली लटकत असावी, तसाच हा प्रकार झाला.

अंबरनाथच्या कारखान्यात असे कधी चालेल काय? तेथे फाटकावरचा पहारेकरी येणाऱ्याचे नाव नोंदवहीत लिहून घेतो आणि गेटपास तपासतो. यंत्रशाळेत काम करणारा यंत्रशाळेत जातो, हिशेबनीस कचेरीत बसतो. रसायनांच्या गोदामाची किल्ली ठराविक माणसाजवळच राहते. ह्यात कोणाचा अपमान नाही. किल्ली जितक्या अधिक हातांत, तितक्या ती हरवण्याच्या वाटा अधिक, एवढाच त्यामागचा विचार आहे.

घरच्या संगणकावर हीच व्यवस्था करण्यास पैसा पडत नाही. अर्धा तास मात्र लागतो. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स नावाचा विभाग असतो. तेथे घरातील प्रत्येक माणसासाठी स्वतंत्र खाते उघडावे, आणि त्याचा प्रकार स्टँडर्ड युजर, म्हणजे सामान्य वापरकर्ता, असा ठेवावा. प्रशासकाचे खाते एकच असावे. त्याचा परवलीचा शब्द घरातील वडीलधाऱ्यांजवळ असावा, आणि रोजच्या कामासाठी ते खाते कोणीही वापरू नये. हा नियम वडीलधाऱ्यांनाही लागू आहे, हे त्यांना आदबीने सांगण्याचे काम तुमचे!

सामान्य खात्यातून लिहिता-वाचता येते, चित्रे पाहता येतात, खेळता येते, इंटरनेटवरही जाता येते. नवा प्रोग्राम यंत्रात खोलवर बदल करू लागला, की मात्र पडदा मंद होतो आणि कारभारी विचारतो: हा तुमच्या यंत्रात बदल करू पाहत आहे, अनुमती आहे काय? प्रशासकाचा परवलीचा शब्द दिल्यावाचून पुढे पाऊल पडत नाही. कित्येकांना ही विचारणा कटकटीची वाटते आणि ते ती सेटिंग्जमध्ये जाऊन कायमची बंद करून टाकतात. पहारेकरी नाव विचारतो म्हणून त्याला घरी पाठविण्यासारखेच हे होय. आपण कवितेचा अभ्यास करीत आहोत, काहीही बसवीत नाही, आणि तरी मध्येच हा प्रश्न उभा राहिला, तर 'नाही' म्हणावे व घरातील मोठ्या माणसाला बोलवावे.

अर्थात सामान्य खात्यामुळे सर्वच संकटे टळतात, असे समजू नये. अशा खात्यात शिरलेला खंडणीखोर प्रोग्राम त्या खात्यातील कागद कुलूपबंद करू शकतो. कारण आपल्या कागदांवर लिहिण्याचा अधिकार त्या खात्याला असतोच. परंतु धाकट्या भावाच्या खात्यातील पीडा आईच्या हिशेबापर्यंत सहजी पोचत नाही. राखणदाराला रजा देणे, गाभ्यात ठाण मांडणे हेही तिला अवघड जाते. आग लागली तरी ती एका खोलीत कोंडून राहावी, तसे हे आहे.

येथेच आणखी एका लहानशा सोयीचा उल्लेख करावयास हवा. फाइलीच्या नावात शेवटच्या टिंबानंतर जी अक्षरे येतात, ती तिची जात सांगतात. जेपीजी म्हणजे चित्र, पीडीएफ म्हणजे छापील पानासारखा कागद, आणि ईएक्सई म्हणजे चालू होणारा प्रोग्राम. विंडोज ही शेवटची अक्षरे एरवी लपवून ठेवते. त्यामुळे 'निकाल.पीडीएफ.ईएक्सई' ह्या नावाचा सोंगाड्या आपल्याला 'निकाल.पीडीएफ' एवढाच दिसतो, आणि निकाल पाहण्याच्या उत्सुकतेने आपण एक अनोळखी प्रोग्राम चालू करून बसतो. फाइली दाखविणाऱ्या खिडकीत व्ह्यू हा पर्याय असतो. त्यातून नावाची शेपटी दाखविण्याची आज्ञा द्यावी, म्हणजे सोंग उघडे पडते.

आतली व्यवस्था पाहिली. आता दारांकडे वळू. उल्हासनगर ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराची छावणी होती. तिला कल्याण कॅम्प म्हणत. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि सिंध प्रांतातून आलेल्या हजारो निर्वासित कुटुंबांना ह्या छावणीतील बराकींत आसरा मिळाला. पुढे ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. बराकी दिसावयास सारख्या. त्यांची ओळख क्रमांकावरूनच पटावयाची. अजूनही उल्हासनगरच्या पत्त्यात कॅम्पचा आणि बराकीचा क्रमांक लिहिलेला आढळतो.

संगणकालाही जाळ्याच्या बाजूस अशीच क्रमांकांची दारे असतात. त्यांना पोर्ट म्हणतात, आणि त्यांचे क्रमांक ० पासून ६५,५३५ पर्यंत जातात. ही दारे लाकडाची नव्हेत. येणाऱ्या निरोपावर जो क्रमांक लिहिलेला असतो, त्यावरून तो कोणत्या प्रोग्रामाकडे द्यावयाचा हे कारभारी ठरवितो. संकेतस्थळे पुरविणारे संगणक बहुधा ४४३ क्रमांकाच्या दाराशी बसलेले असतात. एका कचेरीतील विंडोजचे संगणक एकमेकांच्या फाइली पाहतात, ते ४४५ क्रमांकाच्या दारातून. घरच्या संगणकाला बाहेरच्या अनोळखी पाहुण्यांसाठी ह्यांतील एकही दार उघडे ठेवण्याचे सहसा कारण नसते. आपण आतून काही मागविले, तर त्याचे उत्तर तेवढे आत यावे. न बोलावता आलेल्याला उंबऱ्यावरच थांबवावे. हे काम करणाऱ्या प्रोग्रामला फायरवॉल म्हणतात. विंडोजमध्ये तो असतोच. तो चालू आहे ना, एवढे पाहावयाचे. रेल्वे स्थानकावरील किंवा उपाहारगृहातील वायफाय वापरताना हे जाळे सार्वजनिक आहे की खाजगी, असे संगणक विचारतो. तेव्हा 'सार्वजनिक' असे सांगावे, म्हणजे तो आपली दारे अधिक कडक बंद करतो.

एका दाराकडे दुर्लक्ष झाले तर काय घडते, ते साऱ्या जगाने १२ मे २०१७ रोजी पाहिले. ४४५ क्रमांकाच्या दाराशी बसणाऱ्या विंडोजच्या एका भागात दोष होता. वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम त्या दोषाचा फायदा घेऊन, कोणीही काही न उघडता, एका संगणकातून दुसऱ्यात शिरू लागला. दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांवर संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. ब्रिटनमधील रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आणि ह्यातील खेदाची गोष्ट अशी, की त्या दोषाची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजीच प्रसिद्ध झाली होती. औषध जवळजवळ दोन महिने उंबऱ्यावर येऊन पडले होते. ते कित्येकांनी उचलून घेतले नव्हते, एवढेच.

संगणकाच्या अशा दुरुस्त्यांना अपडेट म्हणतात. कारभाऱ्याच्या आज्ञांची संख्या कोट्यवधींच्या घरात असते, त्यामुळे त्यांत चुका राहतात. त्या सापडतील तसतशा सुधारून धाडल्या जातात. सेटिंग्जमधील अपडेटचा विभाग आपोआप चालू राहील असा ठेवावा. संगणक बंद करून पुन्हा सुरू करण्याची विनंती त्याने केली, की 'उद्या' म्हणू नये. चोरून मिळविलेली, परवाना नसलेली ऑपरेटिंग सिस्टीम पुष्कळदा अपडेट बंद करूनच बसविलेली असते. फुकट मिळालेल्या वस्तूची ही खरी किंमत! विकत घेणे परवडत नसेल, तर लिनक्स विनामूल्य आणि राजरोस मिळते. भारत सरकारच्या सी-डॅक ह्या संस्थेने बॉस नावाची लिनक्सची भारतीय आवृत्ती तयार केली आहे.

बदलापूर ह्या नावाविषयी एक आख्यायिका सांगतात. पूर्वी ह्या वाटेने जाणारे स्वार येथे थकलेले घोडे सोडून ताजे घोडे घेत, म्हणून हे बदलापूर. आख्यायिकेत तथ्य किती असावयाचे ते असो. पण ऑपरेटिंग सिस्टीमही थकते, हे खरे. काही वर्षांनी तिचे निर्माते तिच्यासाठी दुरुस्त्या काढणे थांबवितात. विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. असा संगणक चालावयाचा थांबत नाही, म्हणूनच लोक फसतात. तो पूर्वीसारखाच चालतो. फक्त त्याच्या भिंतीला पडलेली नवी भोके बुजविणारे कोणी उरत नाही.

वॉनाक्रायच्या पाठोपाठ २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा प्रोग्राम पसरला, आणि त्याची झळ थेट आपल्या रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा बंदराला लागली. मार्स्क ह्या डेन्मार्कच्या जहाज कंपनीच्या समूहाकडे तेथील एक टर्मिनल होते. त्याचे संगणक बंद पडले, आणि कोणता कंटेनर कोठे ठेवला आहे हे सांगणारी व्यवस्थाच नाहीशी झाल्यासारखी झाली. नॉटपेट्या खंडणी मागत असे, पण ते सोंग होते. पैसे भरणाऱ्याला किल्ली देण्याची सोयच त्यात ठेवलेली नव्हती. ४४५ क्रमांकाच्या दाराचा दोष तो वापरी; परंतु तेवढ्यावर तो थांबत नसे. ज्या संगणकांवर दुरुस्ती झालेली होती, त्यांतही तो शिरला. ते कसे? एका संगणकाच्या स्मृतीत पडून राहिलेले प्रशासकाचे परवलीचे शब्द त्याने उचलले आणि ते दाखवून तो पुढच्या संगणकात मालकाच्या ऐटीत गेला. किल्लीवाल्याचे खाते रोजच्या वापरास का घेऊ नये, ह्याचे उत्तर ह्या एका घटनेत आहे.

परवलीच्या शब्दाविषयी थोडेसे सांगितले म्हणजे पुरे. तो लांब असावा. इंग्रजीतील २६ अक्षरांतून आठ अक्षरांऐवजी बारा अक्षरांचा शब्द निवडला, तर चोराला तपासाव्या लागणाऱ्या शक्यता ४,५६,९७६ पट होतात. आपले नाव, जन्मतारीख किंवा शाळेचे नाव त्यात नको. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडावेत, म्हणजे तो ध्यानातही राहतो. पाच मिनिटे कोणी हात लावला नाही तर पडदा आपोआप बंद व्हावा, अशी आज्ञा देऊन ठेवावी. प्रकल्पाची पाने छापून घेण्यासाठी स्थानकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह नेला, तर घरी परतल्यावर तो लावताच त्यातील काहीही आपोआप सुरू होऊ नये, हेही पाहावे. ही सोय ऑटोप्ले ह्या नावाखाली सापडते. ती बंद ठेवावी आणि पेन ड्राइव्ह आधी तपासून घ्यावा.

इतके करूनही एखाद्या दिवशी चोर आत शिरलाच तर? किंवा चोर नव्हे, पाणीच शिरले तर? २६ जुलै २००५ च्या महापुरात बदलापुरातील सखल भागातल्या घरांत पाणी भरले होते. २७ जुलै २०१९ रोजीही उल्हास नदीला असाच पूर आला. बदलापूर आणि वांगणी ह्यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, आणि तिच्यातील सुमारे हजार प्रवाशांची सुटका करावी लागली. अशा वेळी संगणक आणि त्याच्या शेजारच्या खणात ठेवलेली त्याची नक्कल ही दोन्ही एकाच पाण्यात बुडतात. म्हणून जाणते लोक महत्त्वाच्या कागदांच्या तीन प्रती ठेवावयास सांगतात. त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी, उदाहरणार्थ मामाच्या किंवा आत्याच्या घरी, असावी.

मार्स्क कंपनीची पुढची हकिकत ह्या बाबतीत मोठी बोधक आहे. कोणत्या माणसाला कोणता अधिकार, ह्याची सारी नोंदवही कंपनीने जगभर पसरलेल्या सुमारे दीडशे संगणकांत ठेवली होती. एक बिघडला तर दुसरा आहेच, अशी कल्पना. पण हे सगळे संगणक अखंड एकमेकांना जोडलेले होते, त्यामुळे ते एकदमच पुसले गेले. एक मात्र वाचला. तो आफ्रिकेतील घाना देशात होता. हल्ल्यापूर्वी तेथील वीज गेली होती, आणि त्यामुळे तो जाळ्यातून सुटलेला होता! वीज गेली म्हणून कोणाला आनंद झाल्याचे उदाहरण विरळा. घानाहून नायजेरियापर्यंत एकाने आणि तेथून लंडनपर्यंत दुसऱ्याने, अशी ती डिस्क हातोहात नेण्यात आली. तिच्या आधारावर कंपनीने आपला कारभार पुन्हा उभा केला.

एमआयडीसीला अशा योगायोगाची गरज पडली नाही. हल्ला लक्षात येताच तिने आपले संगणक जाळ्यापासून तोडले, म्हणजे पीडा पुढे पसरू नये. माहितीच्या नकला तिने आधीपासूनच वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या जाळ्यात ठेवल्या होत्या. चोराचे हात तेथवर पोचले नाहीत.

घरी ह्यासाठी एक बाहेरची डिस्क पुरते. महिन्यातून एकदा ती संगणकाला जोडावी, नवे कागद व फोटो तिच्यावर उतरवावेत आणि लगेच सोडवून वेगळ्या जागी ठेवावी. कारण कायम जोडून ठेवलेली डिस्क ही संगणकाचीच एक खोली होय, आणि चोर त्या खोलीतही जातो. उतरविताना आणखी एक काम करावे. जुन्या नकलांतील कोणतीही एक फाइल निवडून ती उघडते की नाही, ते पाहावे. डिस्क वर्षानुवर्षे कपाटात नीट ठेवलेली असते, आणि नेमकी गरज पडते तेव्हा ती वाचता येत नाही, असे पुष्कळदा घडते. निवडलेली फाइल उघडली, तिच्यातील फोटो पूर्वीसारखा स्वच्छ दिसला, म्हणजे डिस्कवर त्या दिवसाची तारीख लिहावी.